ब्राउझरमधलं एक बटण

हिंजवडीतून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज मसाल्यांबद्दल बोलणार नाही, कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. रेडिओ बंद करू नका, कारण गोष्ट पैशाची आहे.

आमच्या गावाला लोक आयटीचं गाव म्हणतात. राजीव गांधी इन्फोटेक पार्क आमच्या शिवारातच उभं राहिलं. तिथल्या काचेच्या इमारतींत हजारो कॉम्प्युटर असतील, पण आमच्या गटाकडे एकच लॅपटॉप आहे. तोही जुना, कुणीतरी वापरून विकलेला. सातबारा काढायचा, ऑर्डरी लिहायच्या, सरकारी अर्ज भरायचे, सगळं त्याच्यावरच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या फूड लायसनच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली. मसाल्याच्या पाकिटावर जो चौदा आकडी नंबर छापतो, तो याच लायसनचा. तो नसेल तर कँटीनवाले माल घेत नाहीत. आम्ही अर्ज भरायला बसलो. क्रोम उघडलं, तर अर्धं पान काळं. खाली सरकवलं की अक्षरं फाटल्यासारखी दिसायची आणि मध्येच सगळी खिडकी काळी ठिक्कर. बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तेच.

लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, मदरबोर्ड गेलाय, दुरुस्त करण्यापेक्षा दुसराच घ्या. गटाच्या खात्यातून तेवढे पैसे काढले तर दोघींचं कर्ज थांबणार होतं. एक तर म्हणालीसुद्धा, राहू दे, माझं पुढच्या वेळी बघू.

त्याच रात्री आमच्यातल्या एकीच्या सुनेला हे कळलं. ती कंपनीत कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवते. तिनं एकच प्रश्न विचारला, "आत्या, ब्राउझर सोडून बाकीचं नीट दिसतंय का?" आम्ही बघितलं. हिशेबाची फाइल स्वच्छ, फोटो स्वच्छ, काळोख फक्त क्रोममध्ये. ती म्हणाली, मग मदरबोर्डचं नाव एवढ्यात घेऊ नका, आधी एक बटण बंद करून बघू.

ते बटण काय आहे, ते आमच्या भाषेत सांगतो. आपण पापड करतो तेव्हा लाटणारी एक आणि उन्हात घालणारी दुसरी. एकटीनंही दोन्ही होतं, पण वेळ लागतो. कॉम्प्युटरचंही तसंच. मुख्य प्रोसेसर सगळी कामं करतो, आणि चित्रं काढायला ग्राफिक्सचा वेगळा भाग असतो. पूर्वी ब्राउझर पानं रंगवायचं जवळजवळ सगळं काम मुख्य प्रोसेसरकडूनच करून घ्यायचे. मार्च 2011 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 9 आणि फायरफॉक्स 4 काही दिवसांच्या अंतरानं आले आणि दोघांनीही हे काम ग्राफिक्सच्या भागाकडे सोपवलं. क्रोमही त्याच वाटेनं गेलं. व्हिडिओ सुरळीत चालू लागले, पानं झरझर सरकू लागली. यालाच ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन म्हणतात आणि ते बहुतेक वेळा आपोआप चालूच असतं.

मग बिघडतं कुठं? विंडोज आणि ग्राफिक्सचा भाग यांच्यामध्ये एक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. (हा शिवाजी चौकाच्या कोंडीत अडकणारा ड्रायव्हर नव्हे.) लॅपटॉप जुना, ड्रायव्हर जुना आणि ब्राउझर मात्र ताजा असला, की दुभाष्याला नवं बोलणं कळत नाही. लाटणारी पापड देत राहते आणि घेणारीचं लक्ष नसतं, तसं होतं. पान काळं पडतं, लुकलुकतं, अक्षरं फाटतात. असं दिसलं की ती वाटणी थोडे दिवस मोडून बघायची.

आता हातात पेन घ्या. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके असतात, त्यावर दाबा. सेटिंग्जमध्ये जा. डावीकडच्या यादीत सिस्टीम निवडा. तिथं 'यूज ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन व्हेन अव्हेलेबल' असं लिहिलेलं बटण आहे. जुन्या क्रोममध्ये ग्राफिक्सच्या जागी हार्डवेअर हा शब्द दिसेल. ते बंद करा. शेजारी रीलाँच येईल, ते दाबलं की क्रोम बंद होऊन पुन्हा उघडतं. पण त्याआधी बघा, एखादा अर्ज अर्धवट भरलेला नाही ना? पान परत येतं, पण भरलेला मजकूर जाऊ शकतो. आमचा एकदा गेला.

फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, आणि खाली परफॉर्मन्स. शिफारस केलेल्या सेटिंगची खूण आधी काढली की हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनची खूण दिसते, तीही काढायची. मोबाइलवरच्या क्रोमच्या सेटिंग्जमध्ये हे बटण नाही, तिथं शोधत बसू नका.

खिडकीच काळी असेल तर सेटिंग्ज कशी सापडणार? आमचीही तीच पंचाईत झाली. सुनेनं सांगितलं, विंडोजची खूण असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम दाबा. पडदा क्षणभर लुकलुकला आणि सगळं दिसू लागलं. यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, फाइली जात नाहीत. तेवढ्या वेळात आम्ही बटण बंद केलं. रीलाँच झाल्यावर पान असं स्वच्छ, जणू काही झालंच नव्हतं. अर्ज त्याच रात्री गेला.

पण हे बटण म्हणजे सगळ्या दुखण्यांवरची हळद नाही. लॅपटॉप चालू करताना कंपनीचं चिन्ह येतं, तिथंच रेघा दिसत असतील तर ब्राउझरचा दोष नाही. ती स्क्रीनची, तिच्या वायरीची किंवा आतल्या एखाद्या भागाची भानगड, तिथं दुकानदारच लागतो. आणि बटण बंद करून काहीच फरक पडला नाही तर ते लगेच परत चालू करा. बंद ठेवण्याची किंमत मोजावी लागते. सगळं काम पुन्हा मुख्य प्रोसेसरवर पडतं, पंखा घोंघावतो, व्हिडिओ अडखळतो, बॅटरी लवकर उतरू शकते. आमच्या प्रशिक्षणाच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये आम्हाला ते चांगलंच जाणवलं.

म्हणून खरा इलाज ड्रायव्हर नवा करण्याचा. विंडोज अपडेटमध्ये ऑप्शनल अपडेट्स बघा, नाहीतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. 'तुमचा ड्रायव्हर खराब आहे, इथे दाबा' अशी खिडकी मध्येच उघडली किंवा तसा कुणाचा फोन आला, तर काही दाबू नका, ओटीपी तर अजिबात देऊ नका. एक आणखी, विंडोज 7 असेल तर क्रोमची 109 ही तिथं चालणारी शेवटची आवृत्ती, 2023 च्या सुरुवातीची. त्यापुढचं क्रोम तिथं येत नाही. तो लॅपटॉप पैशाच्या व्यवहाराला वापरू नका.

दुकानदारावर आमचा राग नाही. पण दुसरा लॅपटॉप घ्या असं कुणी म्हटलं, तर आता आम्ही आधी विचारतो, ब्राउझर सोडून बाकी नीट दिसतंय का ते तपासलंत का? आणि गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, बटण कोणत्या तारखेला बंद केलं आणि कुणी. ड्रायव्हर आता नवा झालाय. येत्या मीटिंगला ते परत चालू करून बघणार आहोत. ज्या दोघींचं कर्ज अडणार होतं त्यांना ते मिळालं, एकीनं शिलाई मशीन घेतलंय.