उपरी आणि नागरिक

(शतसांवत्सरिक ज्युबिलीच्या तयारीनिमित्त देवळांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या तयारीस लागल्यापासून आपल्या मंडळींत एक कुजबुज चालली आहे, ती आमच्या कानीं आली नाहीं असें नाहीं. स्मरणिकेंत कुटुंबांची यादी छापावयाची आहे. तिचा जो मसुदा आमच्यापुढें आला त्यांत दोन सदरें होतीं : एक 'मूळ कुटुंबें' आणि दुसरें 'बाहेरून आलेलीं कुटुंबें'. मसुदा करणारांच्या मनांत कांहीं वांकडें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि तो वाचून आम्हांस सेमिनरींतील ग्रीक व लातिन शब्दकोश आठवले, आणि आज त्याच विषयावर बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे. शब्दांची चर्चा म्हटली कीं मागच्या बांकांवर डुलकी येते हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या शब्दानें आपण सर्वजण बांधले गेलों आहों तो 'पॅरिश' हा शब्द या चर्चेंत पुढें यावयाचा आहे, म्हणून थोडा धीर धरावा.

प्रथम रोम. लातिन भाषेंत नगराला मुख्यतः दोन शब्द आहेत, 'उर्ब्स' आणि 'चीवितास'. उर्ब्स म्हणजे तट, वेशी, रस्ते, घरें. जें डोळ्यांना दिसतें तें. चीवितास म्हणजे एका कायद्याखालीं एकत्र नांदणारीं माणसें. सेव्हिलचे बिशप संत इसिदोर, जे ६३६ सालीं देवाघरीं गेले, त्यांनीं आपल्या ग्रंथांत हा भेद सांगितला आहे. भिंतींविषयीं बोलावयाचें असेल तर पहिला शब्द, माणसांविषयीं बोलावयाचें असेल तर दुसरा, असा त्यांचा आशय. नुसतें 'उर्ब्स' म्हटलें कीं रोमच समजत. नाताळ व ईस्टरच्या दिवशीं पोप 'उर्बि एत् ओर्बि' हा जो आशीर्वाद देतात, तो त्या नगरीस व साऱ्या जगास.

ग्रीक लोक नगराला 'पोलिस' म्हणत. हंसूं नका, आपल्या चौकींतील पोलिसाचें नांवही त्याच कुळांतलें आहे. नगराची राज्यव्यवस्था दाखविणारा 'पोलितेइया' हा शब्द लातिन व फ्रेंच भाषांतून फिरत इंग्रजींत गेला आणि तेथून खाकी कपडे घालून आपल्या गांवीं आला. पोलिसचा हक्कदार रहिवासी तो 'पोलितेस'. येथें एक मौज आहे. ग्रीकांत नगर हा मूळ शब्द आणि त्यावरून नागरिक निघाला. लातिनमध्यें 'चीविस' म्हणजे नागरिक हा मूळ शब्द आणि त्यावरून चीवितास निघाला. एमिल बेन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषापंडितांनीं १९७० सालीं एका निबंधांत या भेदाकडे लक्ष वेधलें. चीविसचा मूळचा अर्थ 'सह-नागरिक' असा होता, असें त्यांचें म्हणणें. आपली मराठी या बाबतींत ग्रीकांच्या पंक्तीस बसते : नगरावरून नागरिक, गांवावरून गांवकरी. आमचें मन मात्र रोमकरांकडे ओढतें. आधीं माणसें एकमेकांचीं होतात, मग नगर होतें.

'रोमकर' म्हटलें म्हणून आठवलें. संत पौलांचीं पत्रें मराठींत 'रोमकरांस', 'करिंथकरांस', 'इफिसकरांस' अशा नांवांनीं आहेत. हा 'कर' वसईकर आणि पेणकर यांतलाच. ग्रीकांतही तीं गांवांच्या नव्हे, माणसांच्या नांवानें आहेत. अथेन्सचे तहसुद्धां 'अथेन्स'च्या नव्हे, 'अथेनकरां'च्या नांवानें होत असत.

हें ऐकून त्या नगरांविषयीं फार आदर वाटूं लागेल, म्हणून त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इ. स. पूर्वीं ४५१ सालीं पेरिक्लीसच्या सूचनेवरून अथेन्समध्यें कायदा झाला कीं, आई व बाप दोघेही अथेनकर असल्याशिवाय मूल नागरिक नव्हे. परगांवाहून येऊन तेथें राहणाऱ्यांस 'मेतोइकोस' म्हणत. पुरुषास वर्षाला १२ द्राख्मा व स्वतंत्र राहणाऱ्या स्त्रीस ६ द्राख्मा असा कर असे. एक द्राख्मा म्हणजे कुशल कारागिराची साधारण एका दिवसाची मजुरी. एखादा नागरिक पालक म्हणून दाखवावा लागे. विशेष परवानगीवांचून घर किंवा जमीन घेतां येत नसे. लढाईला मात्र बोलावणें येई! थोर तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल हाही अथेन्समध्यें असाच परका होता. इतर कित्येक ग्रीक नगरांत अशा लोकांस 'पारोइकोस' म्हणत. 'पारा' म्हणजे शेजारीं, 'ओइकोस' म्हणजे घर. घराशेजारीं राहणारा, घरांतला नव्हे.

आपल्याकडील जुन्या माणसांना हा प्रकार नवा वाटूं नये. पूर्वीं देशावरच्या गांवांत मिरासदार व उपरी असे दोन प्रकारचे कुणबी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गांवचा मानही त्याचा. उपरी हा बाहेरून येऊन ठराविक मुदतीनें जमीन कसणारा, आज आहे तर उद्यां नाहीं. पारोइकोस या शब्दाला 'उपरी' याहून चांगला मराठी शब्द आम्हांस सुचत नाहीं.

आतां पवित्र शास्त्र उघडूं. सारा मरण पावली तेव्हां तिला पुरण्यापुरती जागा आब्राहामाजवळ नव्हती. हेब्रोन येथें तो हेथाच्या वंशजांपुढें उभा राहिला, आपण उपरी आहों असें त्यानें सांगितलें, आणि कबरेसाठीं जागा मागितली. शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत तेथें 'पारोइकोस' हाच शब्द आहे. आपल्या दफनभूमींत कोणाला जागा द्यावी यावर ज्या बैठका झाल्या, त्यांत हें चित्र कोणाच्या डोळ्यांपुढें आलें असतें तर बरें झालें असतें.

संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रांत श्रद्धावंतांस पारोइकोस म्हणतात. संत पौल मात्र इफिसकरांस सांगतात कीं तुम्ही आतां पारोइकोस राहिलां नाहीं, पवित्र जनांचे सह-नागरिक झालां आहां. दोन प्रेषितांत विरोध दिसतो खरा, आणि सेमिनरींत असतांना आम्हीं त्यावर पुष्कळ वाद घातला होता. आमच्या अल्पमतीस आतां तो विरोध वाटत नाहीं. पेत्र जगाकडे पाहून बोलतात, पौल ख्रिस्तसभेकडे पाहून. जगांत आपण सारे उपरी. देवाच्या घरांत कोणीही उपरी नाहीं. आणि नागरिकत्वाची किंमत पौलांस चांगली ठाऊक होती. ते जन्मतः रोमचे नागरिक. येरुशलेमांत त्यांस धरणाऱ्या सरदारानें तोच हक्क मोठी रक्कम देऊन विकत घेतला होता. फिलिप्पै ही रोमन शिपायांची वसाहत. तेथें चौकशीवांचून पौलांस फटके बसले, तेव्हां याच हक्काच्या जोरावर त्यांनीं अधिकाऱ्यांस विनवणी करावयास लाविलें. त्याच फिलिप्पैकरांस पुढें पत्र लिहितांना, आपलें खरें नागरिकत्व स्वर्गांतलें होय, हें ते बजावतात.

इ. स. ९६ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्तसभेनें करिंथच्या ख्रिस्तसभेस एक पत्र पाठविलें. तें संत क्लेमेंत यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याच्या आरंभीं एक सभा रोममध्यें उपरी म्हणून राहणारी व दुसरी करिंथमध्यें उपरी म्हणून राहणारी, असें दोहोंचें वर्णन आहे. स्मिर्नाचे बिशप संत पोलिकार्प यांच्या हौतात्म्याचें वृत्त कळविणाऱ्या पत्रांत तर ठिकठिकाणच्या श्रद्धावंतांच्या समुदायांस 'पारोइकिया' असेंच म्हटलें आहे. लातिनमध्यें तिची 'पारोकिया' झाली आणि फ्रेंचांतून इंग्रजींत येतां येतां 'पॅरिश'. आरंभीं बिशपांच्या साऱ्या अधिकारक्षेत्रास हें नांव असे, पुढें तें एका देवळाच्या मंडळीपुरतें राहिलें. गोव्यांतील आपले बंधू 'फिर्गज' म्हणतात. तो पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून आला, आणि त्याच्या मुळाशीं 'ख्रिस्तसभेचे पुत्र' असा लातिन अर्थ आहे. एका शब्दांत आपण उपरी, दुसऱ्यांत पुत्र. पेत्र आणि पौल पुन्हां भेटले म्हणावयाचे!

तेव्हां बंधूंनो, पॅरिश म्हणजे मुळांत उपऱ्यांची वस्ती. तिच्या यादींत बाहेरच्यांचें वेगळें सदर कोठून काढावयाचें? ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेंत, ५१५ व्या कलमांत, पॅरिश म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय असें म्हटलें आहे. म्हणजे चीवितास, उर्ब्स नव्हे. तिच्याच १०० व्या कलमांत जुने लातिन शब्द अजून नांदत आहेत : कायमचा रहिवासी तो 'इन्कोला', तात्पुरता रहिवासी तो 'आद्वेना', आपल्या ठिकाणापासून दूर असलेला तो 'पेरेग्रीनुस', आणि कोठेंच ठिकाण नसलेला तो 'वागुस'. कायम राहण्याच्या इराद्यानें आलेला, किंवा पांच वर्षें राहिलेला, तो इन्कोला. १९१७ च्या संहितेंत ही मुदत दहा वर्षें होती. तीन महिने राहिलेला तो आद्वेना. दोघांनाही तेथील धर्मगुरू हा त्यांचा स्वतःचा धर्मगुरू. आणि वागुस? तो आज ज्या गांवीं असेल त्या गांवचा धर्मगुरू त्याचा. सात-बाराच्या उताऱ्याची अट कोठेंही नाहीं.

आमचें स्वतःचें म्हणाल तर आम्ही येथें बदलीवर आलों आहों, आणि बिशपस्वामींची चिठ्ठी आली कीं जाऊं. त्या मसुद्याप्रमाणें आमचें नांव दुसऱ्याच सदरांत पडावयाचें; गंमत अशी कीं तें पहिल्या पानावर छायाचित्रासह घातलें होतें.

एम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभू दोघां शिष्यांबरोबर चालूं लागले, तेव्हां क्लयोपानें त्यांस ओळखलें नाहीं. येरुशलेमांत तूंच एकटा असा उपरी आहेस काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यानें केला, आणि संत लूक यांनीं तेथें पारोइकोस याच कुळांतलें क्रियापद घातलें आहे. लातिन शुभवर्तमानांत त्या ठिकाणीं 'पेरेग्रीनुस' हा शब्द आहे. संध्याकाळ झाली तेव्हां शिष्यांनीं त्या उपऱ्यास आग्रह करून घरांत नेलें, आणि त्यानें भाकर मोडली तेव्हां त्यांचे डोळे उघडले.

यादीचा तो मसुदा आम्हीं परत मागविला आहे. आतां यादी एकच राहील, आडनांवांच्या वर्णानुक्रमानें. चाळींतल्या, वीटभट्टीवरच्या आणि भाड्याच्या खोल्यांतल्या कुटुंबांपैकीं ज्यांचीं नांवें राहिलीं असतील त्यांनीं येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर साक्रिस्तींत येऊन तीं सांगावींत. पत्ता बदलता असला तरी चालेल.