तोंडी शब्दावर चालणारे जाळे

(वसंत व्याख्यानमालेत ईट, ता. भूम येथे दिलेले व्याख्यान)

जानेवारी १९८९. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांची बैठक भरली होती. जेवणाच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर बोलत बसले आणि हाताशी असलेल्या कागदी रुमालांवर आकृत्या काढू लागले. त्या आकृत्यांतून ‘बीजीपी’ नावाचा नियम जन्मला. एका कंपनीचे जाळे दुसऱ्या कंपनीच्या जाळ्याला ‘या पत्त्यावर आमच्याकडून जाता येईल’ हे ज्या पद्धतीने कळवते, ती ही पद्धत. पुढे तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी सगळे जग आजही तिच्यावरच चालते. ईटमधली आजी पुण्यातल्या नातवाला व्हिडिओ कॉल करते, तेव्हा त्या कॉलची वाटही याच नियमाने ठरलेली असते.

ते काम सभागृहातल्या व्यासपीठावर नव्हे, जेवणाच्या टेबलावर झाले. नेटवर्किंगच्या मोठ्या परिषदांना जाऊन आलेल्या अभियंत्यांना विचारले, तर बहुतेकांचा अनुभव असाच निघतो. भाषणांच्या स्लाइड आणि चित्रफिती पुढे इंटरनेटवर मोफत मिळतात, त्या भूममध्ये बसूनही पाहता येतात. मग प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च करून तिथे जायचे कशासाठी?

मुंबईने याचे उत्तर फार लवकर पाहिले आहे. १९८० साली तिथे संगणक-जाळ्यांवरची ‘नेटवर्क्स ८०’ ही आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यामागे संगणकशास्त्रज्ञ डॉ. श्रीनिवासन रमाणी होते. परिषदेतल्या निबंधांचा ग्रंथही त्यांनीच संपादित केला. परगावी फोन लावायचा तर ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहत बसायचे, असा तो काळ. अशा देशात संगणकांच्या जाळ्यावर परिषद भरवायची ही दूरदृष्टीच म्हणावी लागेल. सहा वर्षांनी, १९८६ मध्ये, शिक्षण आणि संशोधन संस्थांचे संगणक जोडणारा ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू झाला. जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-संशोधन संस्था, पाच आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्यात होत्या. जुहू आणि पवई यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली ती साध्या टेलिफोन लाइनवरून. अर्नेट काही एकट्या परिषदेतून उभे राहिले नाही. त्याला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा पैसा लागला. पण पैसा आला तेव्हा काय करायचे ते ठाऊक असलेली, परदेशातल्या जाणकारांना ओळखणारी माणसे मुंबईत तयार होती.

दशकाच्या अखेरीस मुंबईहून अमेरिकेशी जोडणी झाली, तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट होता. आज मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या लाइनवरून पाठवायला चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. सर्वसामान्य भारतीयाला इंटरनेट मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. डॉ. रमाणी यांचे नाव २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये नोंदवले गेले.

परिषदेची दुसरी एक तऱ्हा व्यापारी आहे, पण तिच्यातही शिस्त आहे. अमेरिकेत डॅन लिंच यांनी सुरू केलेल्या ‘इंटरऑप’ प्रदर्शनाचे वैशिष्ट्य असे, की मांडलेली यंत्रे सामाईक चालू जाळ्याला जोडायची. एका कंपनीचे यंत्र शेजारच्या प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राशी बोलते की नाही, हे सगळ्यांसमोर दिसायचे. १९९० मध्ये जॉन रोमकी यांनी तिथे इंटरनेटवरून चालूबंद होणारा पाव भाजायचा टोस्टर आणला होता. माहितीपत्रकातला दावा आणि डोळ्यांदेखत चाललेले काम यांतला फरक तिथे गेलेला अभियंता कधी विसरत नाही. पुढे हे इंटरऑप मुंबईतही भरले.

आपल्याकडच्या इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांना अधिक जवळची परिषद म्हणजे ‘सॅनॉग’, दक्षिण आशियातल्या नेटवर्क चालवणाऱ्यांची. २००३ मध्ये काठमांडूत ती सुरू झाली आणि जानेवारी २००६ मध्ये मुंबईत भरली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान इथले अभियंते तिच्यात शेजारी शेजारी बसून राउटरवर, म्हणजे रहदारीला वाट दाखवणाऱ्या यंत्रावर, सराव करतात. या भेटींचे मोल एका आकड्यातून कळते. जाळ्यांनी आपसात रहदारीची देवाणघेवाण करण्याच्या करारांची पाहणी ‘पॅकेट क्लिअरिंग हाउस’ या संस्थेने २०११ मध्ये केली. सुमारे १ लाख ४२ हजार करार तपासले, त्यांत कागदावर सही झालेले ०.५ टक्काही नव्हते. उरलेले सगळे तोंडी! मराठवाड्यातल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो आणि दिलेला शब्द पाळला जातो, तशीच ही रीत. पण शब्दावर भरवसा ठेवायचा तर समोरचा माणूस एकदा तरी पाहिलेला हवा. परिषदेचे खरे काम हेच आहे.

हा भरवसा तुटला की काय होते, तेही परिषदांतच शिकायला मिळते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने सरकारी हुकमावरून देशात यूट्यूब बंद करायला घेतले. त्यासाठी ‘यूट्यूबच्या या पत्त्यांकडे जायची वाट आमच्याकडे आहे’ अशी घोषणा आपल्या जाळ्यापुरती करायची होती. ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूमार्फत बाहेर गेली. यूट्यूबच्या स्वतःच्या घोषणेपेक्षा ती अधिक नेमकी होती, आणि राउटर अधिक नेमक्या घोषणेलाच प्राधान्य देतात. सुमारे दोन तास यूट्यूबकडे निघालेली जगभरची रहदारी चुकीच्या दिशेने वाहत राहिली. या घटनेची मिनिटामिनिटाची नोंद उघड प्रसिद्ध झाली आणि अभियंत्यांनी ती अभ्यासली. कोण कोणत्या पत्त्यांचा धनी, हे डिजिटल सहीने तपासण्याची ‘आरपीकेआय’ पद्धत आता वापरात आहे. भारतात पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘आयआरआयएनएन’कडे छोट्या कंपनीलाही अशी सही करून घेता येते.

आपला बिघाड चारचौघांत सांगायचा, कारणासकट, वेळेसकट, ही सवय अभियंत्याने परिषदेतून आणण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट. दुर्दैवाने आपल्याकडे ती फार कमी आली आहे. गावची लाइन बंद पडते, ‘वरून बंद आहे’ एवढेच उत्तर मिळते, दोन दिवसांनी ती आपोआप सुरू होते, आणि कारण कुणाच्याच नोंदीत राहत नाही.

अशा बिघाडांचे एक कारण जाळ्याच्या रचनेतच असते. तालुक्यापासून गावापर्यंत एकच सरळ तार आली, की रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीचा एक फटका पुढच्या सगळ्या गावांना पुरतो. तारेचे वर्तुळ केले, तर एका बाजूने तुटल्यावर रहदारी दुसऱ्या बाजूने फिरते. हे जाळ्यांच्या शास्त्रातले जुने शहाणपण आहे. तरी २०११ मध्ये मंजूर झालेल्या ग्रामपंचायत फायबर योजनेत, म्हणजे आजच्या भारतनेटमध्ये, सुरुवातीला सरळ तारांवरच भर राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित, १.३९ लाख कोटी रुपयांच्या आराखड्यात वर्तुळाची रचना आली. खोदण्याआधी जमिनीखालच्या तारांची चौकशी करता यावी म्हणून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅपही त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाले. ठेकेदाराच्या फोनमध्ये ते आहे का, हे ग्रामसभेत जरूर विचारावे.

ईट-भूमच्या तरुणाला परिषदांच्या या जगात शिरायला दिल्ली-सिंगापूरचे तिकीट लागत नाही. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या ‘आयईटीएफ’ला सभासदत्वच नाही. तिच्या बैठकांत घरबसल्या भाग घेता येतो आणि शुल्क परवडत नसेल तर माफीही मिळते. ब्रिस्बेनच्या ‘एपनिक’ संस्थेचे अभ्यासक्रम ऑनलाइन आणि मोफत आहेत, आशियातल्या ‘अ‍ॅप्रिकॉट’ परिषदेला जाण्यासाठी शिष्यवृत्तीही असते. अडचण भाषेची आहे, कारण हे सगळे इंग्रजीत चालते. सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर या भागांत केबल आणि वायफाय चालवणारे कितीतरी जण खांबावर चढून, तारा जोडून हे काम हाताने शिकले आहेत. त्यांना मराठीत बोलता येईल अशी बैठक वर्षातून एकदा बार्शीला किंवा धाराशिवला भरवणे अवघड नाही. एक शाळेचे सभागृह, एक प्रोजेक्टर आणि दुपारचे जेवण एवढे पुरेल. पहिल्या बैठकीला विषयही तयार आहे: गेल्या पावसाळ्यात कोणत्या गावाची लाइन किती तास बंद होती, कुठे तुटली होती, आणि ती कुणी जोडली.