पाटा म्हणजे बैल, शॉकअप म्हणजे कासरा

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. मला वेळ दिलाय तो पिकअपच्या मागच्या शॉकअपवर बोलायला. विषय पुकारला तेव्हा मागे काही जण हसले. हसा. मीही हसलो असतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेला माणूस, बोंडअळीचं सोडून गॅरेजचं काय सांगतो? तर का सांगतो, ते आधी ऐका.

आम्ही पाच जणांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली. २०२४ च्या नोव्हेंबरात एका सकाळी मी ती चालवत होतो. हौद्यात वेचणीला निघालेल्या सात बाया, बाकी हौदा रिकामा. नाल्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला, खड्ड्याला खड्डा लागून. समोर बकऱ्या आल्या, मी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी मागचा भाग टणाटण उडाला, बाजूला सरकला आणि गाडी पऱ्हाटीत घुसली.

जीव कोणाचा गेला नाही. पण एका मावशीचं मनगट मोडलं. वेचणीची मजुरी किलोवर असते, आणि हात प्लास्टरात असला की किलो शून्य. सहा आठवडे, ऐन हंगामाचे, तिचे गेले.

मी गावात सांगितलं, रस्ता खराब आहे. सगळ्यांना पटलं. रस्ता खराब होताच. पण तालुक्याच्या मिस्त्रीने गाडीखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "साहेब, डावा शॉकअप तेल गाळून कोरडा झालाय, उजव्याचं रबरच गायब आहे. हे दोघं कधीच मेले. तुम्ही सुतक आज धरताय." भावांनो, रस्ता माझ्या हातात नव्हता. शॉकअप माझ्या हातात होता.

आता हा शॉकअप, कोणी त्याला जंपर म्हणतं, करतो तरी काय? आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं, तो ओझं उचलतो. चूक. ओझं उचलतात ते कमानीचे पाटे. पाटा दबतो आणि उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. त्याला आवर घालायचं काम शॉकअपचं. आत तेल भरलेली नळी, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. गाडी उसळली की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं, ते सहजासहजी जात नाही, आणि उसळी तिथेच मरते. उसळीची ताकद तेलाच्या उष्णतेत निघून जाते.

आपल्या भाषेत सांगायचं तर पाटा म्हणजे बैल आणि शॉकअप म्हणजे कासरा. ओझं बैल ओढतो, पण कासरा हातात नसेल तर तोच बैल गाडी नाल्यात घालतो.

शॉकअप मेला की चाक जमिनीवर टेकत-सुटत चालतं. आणि हवेतल्या चाकाचा ब्रेक लागून काय उपयोग? त्यातही रिकामी पिकअप जास्त उडते, कारण पाटे भरल्या गाडीसाठी कडक केलेले असतात. भरल्या गाडीचं दुखणं वेगळं. कापूस वजनाला हलका, पण ढीग केबिनच्या वर जातो. कडब्याचंही तेच. उंच ढीग वळणावर झुलतो, आणि तो झोल आवरायलाही शॉकअपच लागतो.

मेलेला शॉकअप ओळखायचा कसा? चार खुणा सांगतो.

पहिली, नळीवरून तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ. नुसता पुसट ओलावा असेल तर लक्ष ठेवा. ओघळ असेल तर बदला. दुसरी, दोन्ही टोकांची रबरं चिरलेली किंवा झिजलेली, खड्ड्यात मागून खडखड आवाज. तिसरी, टायर एकसारखा न झिजता जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजलेला. आणि चौथी मला मिस्त्रीने शिकवली. खराब रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर गाडी चालवा, थांबल्याबरोबर दोन्ही शॉकअपच्या जवळ हाताची पालथी बाजू न्या, मग हलकेच टेकवा. काम करणारा गरम लागतो. थंड राहिला तो कामचुकार. कारच्या कोपऱ्यावर जोर देऊन हलवून बघायची रीत पिकअपच्या मागच्या बाजूला फारशी कामाची नाही. पाटे इतके कडक असतात की रिकामी गाडी हाताने हलतच नाही.

इथे समोरून एक भाऊ विचारतात, "आम्ही एक पाटा वाढवून घेतला, तो चालेल का?" हा प्रश्न येणारच होता. कासरा तुटला म्हणून कोणी तिसरा बैल जुंपतो का? पाटा वाढवला की उसळी आणखी जोराची होते, आणि तिला आवरायला तोच मेलेला शॉकअप. गाडी मागून उंच दिसते, आपल्याला वाटतं ताकद आली, आणि आपण आणखी दोन क्विंटल चढवतो. गाडीच्या कागदावर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच तिचं. पाटा वाढवून कागद बदलत नाही आणि ब्रेकही बदलत नाहीत.

आता काम. पाट्याच्या पिकअपचे मागचे शॉकअप बदलणं पंप खोलण्यापेक्षा सोपं आहे. पाटा आसाला यू-बोल्टने वेगळा बांधलेला असतो, म्हणून शॉकअप काढला तरी पाटा सुटून अंगावर येत नाही. पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंग असेल तर मात्र तिथे हात घालू नका. ते मिस्त्रीचं काम. दाबलेली गुंडाळी सुटली तर माणूस मारते.

आदल्या रात्री नट-बोल्ट तारेच्या ब्रशने घासा आणि गंज सोडवायचं तेल टाका. सकाळी गाडी सपाट जागी लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. ती चाकं उचलली की हँडब्रेक असून नसल्यासारखा. हात पोचत असेल तर गाडी उचलूच नका. उचललीच तर चासीखाली घोडी लावा, आसाला जॅकचा आधार द्या, मगच खाली जा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपायचं नाही. विटा रचून तर नाहीच.

एका वेळी एकच बाजू खोला. बोल्ट अडला तर पुन्हा तेल टाका, थांबा, लांब पान्याने जोर द्या. गॅसची ज्योत लावू नका. शॉकअपमध्ये तेल आहे, काहींमध्ये दाबाखाली वायू आहे, आणि ब्रेकची नळी, डिझेलची टाकी जवळच आहे.

नवा आणि जुना शेजारी ठेवून लांबी आणि टोकांची भोकं ताडून बघा. वायू भरलेला शॉकअप पट्टीने बांधून येतो. वरचं टोक बसवल्यावरच पट्टी कापा. पट्टी नसलेला साधा तेलाचा असेल तर गाडीत बसतो तसा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढा-दाबा, आत अडकलेली हवा निघते. चकचकीत दांड्याला पकड लावू नका. दांड्यावर एक ओरखडा पडला की तो तेलाची सील फाडतो, आणि नवा शॉकअप महिन्यात गळतो. वायसर जसे निघाले त्याच क्रमाने परत घाला.

आणि शेवटची गोष्ट, जी घाईत सगळे विसरतात. रबराच्या बुशातून जाणारे बोल्ट आधी हातापुरते आवळा. गाडी चाकांवर पूर्ण उभी राहिली की मग ताकदीने आवळा. उचललेल्या गाडीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चार दिवसांनी पुन्हा एकदा पाना लावून बघा.

शॉकअप नेहमी जोडीने बदला. एक नवा, एक जुना म्हणजे एक गोऱ्हा आणि एक म्हातारा बैल एका जुवाला.

आता पैशाचं. आमच्या गाडीची जोडी तीन हजारांत आली. २०२४-२५ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,१२१ रुपये क्विंटल. म्हणजे जोडी अर्ध्या क्विंटलच्या आतच. त्या मावशीची बुडालेली मजुरी तिने मागितली नाही. आम्ही पाच जणांनी बसून हिशेब केला आणि दिली. ती पाच जोड्यांएवढी निघाली, दवाखाना वेगळा.

सरकारच्या उत्पादन खर्चात अवजारांचा घसारा धरतात. आपण मात्र आपल्याच वहीत तो धरत नाही. डिझेल लिहितो, हमाली लिहितो. जे रोज थोडं थोडं झिजतं ते लिहीत नाही. मग ते एके दिवशी एकदम वसूल होतं, आणि वसूल ज्याच्याकडून होतं त्याची वहीच नसते. आमच्या वहीत आता एक रकाना वाढलाय. दर फेरीला पन्नास रुपये, गाडीच्या झिजेचे. आणि मालाच्या हौद्यात माणसं बसवणं आम्ही बंद केलं. कायद्यात ते आधीपासून होतं. आम्हाला एक मनगट मोडल्यावर कळलं.

बाहेर झाडाखाली तुमच्या पिकअप उभ्या आहेत. जेवणाची सुट्टी होईल तेव्हा ताटाला हात लावण्याआधी आपापल्या गाडीखाली वाकून बघा. ओघळ दिसला तर लाजू नका, मला हाक मारा. पाने मी सोबत आणलेत.