अक्षरांचे आजोळ

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेले व्याख्यान)



पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला आपण शताब्दीच्या व्यासपीठावर बोलाविलेत, हा आपला मोठेपणा. साहित्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र साहित्य ज्या अक्षरांत उतरते त्या अक्षरांच्या रूपाविषयी बोलणार आहे. त्याला निमित्त आपल्या कार्यवाहांचे पत्र. त्यात शेवटी सहज एक ओळ होती : दर्शनी फलकाचा रंग उडाला आहे, त्याऐवजी फ्लेक्स लावण्याचे घाटत आहे. ती ओळ माझ्या मनातून गेली नाही.

माझे वडील निजामी अमलातील शाळेत शिकले. माध्यम उर्दू. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले तोवर त्यांचा हात नस्तालिकच्या वळणाला पडून गेला होता. बालबोध अक्षरे ते घरातल्या पोथीवरून आणि बाजारातल्या पाट्यांवरून शिकले. त्यामुळे त्यांची दीर्घ वेलांटी उर्दूतील ‘ये’सारखी लांब ओढलेली असे आणि उकार ओळीखाली खोल उतरत असे. शाळेत असताना मला त्या अक्षरांची लाज वाटे. पुढे त्यांची पत्रे चाळताना उमगले, की एका माणसाच्या हातात दोन लिप्या नांदत होत्या आणि त्यांचे भांडण नव्हते.

आमच्या बाजारात आजही काही जुन्या भिंतींवर तीन लिप्या एकाखाली एक दिसतात. तेलुगू अक्षर तळरेषेवर बसते आणि माथ्यावर ‘तलकट्टु’ नावाची छोटी खूण मिरवते. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लोंबते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखे. उर्दू शब्द उजवीकडून डावीकडे येता येता खाली घसरतो. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने सरळ आडवी रेघ ओढली तर पान चिरते, म्हणून दक्षिणेकडची अक्षरे गोल झाली, असे लिपींचे अभ्यासक सांगतात. आपल्या अक्षराची जाड-बारीक रेघ तिरप्या कापलेल्या बोरूने दिली. म्हणजे वळण आधी साधनात असते, मागाहून हातात येते.

पण साधनानेच सारे भागत नाही. आमच्याकडे एक पेंटर आहेत. आता सत्तरीकडे झुकले आहेत. तिन्ही लिप्या त्यांच्या हातात. फळीवर आधी खडूची दोरी ताणून टिचकी मारायची : मराठीसाठी वर, तेलुगूसाठी खाली. मग कुंचला. आदिलाबाद ही कापसाची पेठ. एका अडत्याच्या दुकानासाठी त्यांनी लिहिलेल्या ‘कापूस’ शब्दातील प मला कॉलेजात जातायेता दिसे. त्याचे पोट फुटायला आलेल्या बोंडासारखे फुगीर होते. एकदा थांबून विचारले, हे वळण कुठले? ते म्हणाले, “सर, समोर गाड्या उभ्या असतात की! बघायचं आणि काढायचं.” बैलाच्या शिंगावरून त्यांनी रफार घेतला होता, ज्वारीच्या ओणव्या पानावरून वेलांटी. दिवाळीच्या सुमारास दंडारीत नाचणाऱ्या गुसाडींच्या मोरपिसांच्या टोपावरून एका जत्रेच्या पाटीची मथळ्याची अक्षरे आली होती. ती मात्र वाचता येईनात, हेही सांगितले पाहिजे. निसर्गातून घेतलेले सगळेच अक्षराला मानवते असे नाही.

समर्थांनी हे तारतम्य फार पूर्वी सांगून ठेवले आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. ओळीला ओळ लागू नये, आरंभापासून अखेरपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते कामाचे नाही, हा त्यातला व्यवहार आजच्या कोणत्याही पेंटरला पटेल. आपल्या काळात कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांतून शब्दाचा अर्थच अक्षराच्या अंगात आणला. र. कृ. जोशी यांनी सुलेखनाची साधना केली आणि पुढे संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंकही घडविला. तेव्हा मी यंत्राचा वैरी आहे, असा समज कृपया करून घेऊ नये.

माझ्या जिल्ह्यातील एक हकिगत येथे सांगितलीच पाहिजे. नारनूर मंडलात गुंजाळा नावाचे गोंडांचे गाव आहे. तेथे २००६ साली गोंडी भाषेतील हस्तलिखिते उजेडात आली, आणि ती लिपी देवनागरीही नव्हे, तेलुगूही नव्हे. गावातील मोजक्या वृद्धांनाच ती वाचता येत होती. हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या पुढाकाराने तिचा अभ्यास झाला आणि जून २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्याच गोंडांसाठी १९४३ च्या सुमारास मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या योजनेत मारलवाई येथे वाचनपाठ तयार झाले होते, ते देवनागरीत. आपली लिपी दुसऱ्याच्या भाषेच्या मदतीला गेली, याचे मला मराठी माणूस म्हणून समाधान वाटते. पण त्या वेळी कोणी गुंजाळ्याच्या घरांतील कपाटे उघडून पाहिली असती तर, असाही विचार येतो. हाताने लिहिलेले ते कागद कोणीतरी टाकून दिले नाहीत, म्हणून ती लिपी राहिली.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातील साहित्यमेळाव्याचा फलक मी घाईने छपाईला दिला. नमुना तपासला नाही. मेळाव्याच्या सकाळी पाहतो तो ‘साहित्य’मधील ऱ्हस्व वेलांटी ह सोडून त्य वर जाऊन बसली होती. लोक चहा पिऊन गेले, कोणाला खटकले नाही. खटकले ते एका पाहुण्याला : त्याच पेंटरना. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिले.

माझ्या वर्गातील पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात, पण शाळा त्यांची तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमाची. त्यांच्यापैकी कित्येकांची मराठी अक्षरओळख रस्त्यावरच्या पाट्यांनी झालेली आहे, जशी माझ्या वडिलांची झाली. बासरला सरस्वतीच्या मंदिरात अक्षराभ्यासासाठी दूरदूरहून आईबाप मुलांना घेऊन येतात. पाटीवर पहिले अक्षर गिरवताना मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हातात असतो. मराठी अक्षराच्या बाबतीत आमच्या मुलांचा हात धरणारी ती भिंतच होती. एक पाटी उतरली की एक धडा गेला, हे तिकडे राहणाऱ्याला अधिक जाणवते. आपल्याकडे, पैनगंगेच्या या तीरावर, मराठी पाट्यांना तोटा नाही. म्हणून कदाचित त्यांच्याकडे लक्षही जात नसेल.

आज सभेपूर्वी मी आपला जुना फलक जवळून पाहिला. ‘वाचनालय’ शब्दातील च चे पोट किंचित वर ओढले आहे; उघड्या पुस्तकाच्या वळलेल्या पानासारखे. ते मुद्दाम केले होते की कुंचला घसरला होता, हे आता सांगायला कोणी नाही. त्याच रेषांवर पुन्हा रंग भरता येईल. तेवढे लाकूड शाबूत आहे.

आमच्या पेंटरना मी येण्याआधी विचारून ठेवले आहे. बसभाडे, दोन दिवसांचे जेवण आणि रंगाचे पैसे एवढ्यावर ते यायला तयार आहेत. हात अजून स्थिर आहे. चष्मा तेवढा नवा करून घ्यावा लागेल, असे त्यांनी मला निघताना बजावले. कार्यवाहांनी तारीख कळवावी.