तुटलेली तार

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "पाच मिनिटं बोल, पण सॉफ्टवेअरबद्दल नको." म्हणून दातांबद्दल बोलते.

आपल्या दहावीच्या ग्रुप फोटोत मला शोधा. दुसऱ्या रांगेत, ओठ घट्ट मिटलेली. आठवीत माझ्या पुढे आलेल्या दातांना काढता-घालता येणारी प्लेट लावली होती. मधल्या सुट्टीत ती डब्याच्या झाकणात ठेवायचे. त्यावरून तुम्ही मला काय म्हणायचात, ते बाईंसमोर सांगत नाही! पण दात खरंच मागं येत होते. मग एकदा प्लेट न काढताच चिक्की खाल्ली आणि दाढेला धरून ठेवणारी तार तुटली.

प्लेट दुरुस्तीला लॅबमध्ये गेली. आज येईल, उद्या येईल करत महिना गेला. आली तेव्हा तोंडात बसेना. सरकवलेल्या दाताच्या मुळाभोवतीचे तंतू ताणलेले असतात, ते त्याला जुन्या जागी ओढत राहतात. लॅबला उशीर चालतो, दात थांबत नाहीत. नवी प्लेट म्हणजे पुन्हा माप, पुन्हा खर्च. बाबांचा चेहरा बघून मीच म्हटलं, "राहू दे." तेव्हापासून हसताना तोंडावर हात धरायची सवय लागली.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या प्लेटची तार तशीच तुटली. कारण? आजीनं दिलेली चिक्की! मी धास्तावून तिला आपल्याच वर्गातल्या एका दंतवैद्य मैत्रिणीकडे नेलं. नाव घ्यायचं नाही अशी तिची अट आहे. ती मागच्या रांगेत बसून डोळे वटारते आहे. प्लेट बघून ती म्हणाली, "बसा. आत्ता जोडून देते."

तिच्याकडे मायक्रोवेव्हएवढं एक यंत्र आहे. त्यात हात घालायला दोन भोकं आणि वर सूक्ष्मदर्शक. तारेची दोन्ही टोकं तिनं बोटांनीच एकमेकांना भिडवली आणि पायानं कळ दाबली. टिक, टिक. प्रत्येक ठोका काही मिलिसेकंदांचा. तेवढ्यात तारेचंच पोलाद ठिपक्याएवढं वितळतं आणि लगेच गोठतं. गरम धातूला हवा लागू नये म्हणून वर आर्गॉन वायूची फुंकर.

पूर्वी अशी तार सोनार दागिना झाळतो तशी ज्योतीवर, चांदीची झाळ वापरून जोडत. ज्योतीनं तार लाल झाली की तिचा ताठपणा जातो आणि शेजारचं प्लॅस्टिक जळायची भीती. शिवाय दोन वेगळे धातू सतत लाळेत राहिले की सांधा गंजू शकतो. लेझरची उष्णता ठिपक्यापलीकडे फारशी पसरत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या अगदी जवळही जोडता येतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला पॅच म्हणतो ना, तसंच. (सॉफ्टवेअर आलंच, माफ करा.)

पण ही जादू नव्हे. टोकांत फट राहिली तर सांधा कच्चा. ऊर्जा जास्त झाली तर तारेला भोक, कमी पडली तर नुसती वरची साल धरते. वारंवार वाकून थकलेली तार ती जोडत नाही, बदलते. आमची तार तिनं ओढून पाहिली, घासून गुळगुळीत केली, प्लेट निर्जंतुक केली. अर्ध्या तासात ती मुलीच्या तोंडात होती.

आपल्या पुण्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगते. बारामतीत जन्मलेले कुमार पटेल १९५८ मध्ये पुण्याच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजातून पदवीधर झाले. १९६४ मध्ये त्यांनी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेझर शोधला. त्याच वर्षी, त्याच प्रयोगशाळेत, दुसऱ्या एका गटानं निओडिमियम-याग स्फटिकाचा लेझर तयार केला. दातांच्या तारा जोडणाऱ्या यंत्रांत वापरतात तो हाच.

मी विचारलं, "एवढं महाग यंत्र कशाला घेतलंस? नवी प्लेट करून देण्यात जास्त पैसे मिळाले असते." ती म्हणाली, "सासवडहून, भोरहून आईबाप रोजगार बुडवून पोराला घेऊन येतात. 'पुढच्या आठवड्यात या' म्हटलं की काही जण परत येतच नाहीत." मग हळूच म्हणाली, "तुझीही महिनाभर अडकली होती ना? मी शेजारीच बसायचे. तू हसताना हात धरायला लागलीस, ते मला दिसत होतं."

तीस वर्षं मला वाटत होतं, कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

चाळिशीनंतरही दात सरळ करता येतात, असं ती म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे." या वेळी खर्चामुळे नाही. आज संध्याकाळी ग्रुप फोटो आहे. त्यात मला शोधायला तुम्हाला त्रास पडणार नाही.