मोठे पान कसे मागावे



मागच्या शनिवारी आपण पाकिटावर पत्ता लिहायला शिकलो. आज एका वेगळ्या पानाविषयी बोलायचे आहे. हे पान कागदाचे नाही. ते टॅबच्या काचेवर उमटते. हा पाहा टॅब. मागे बसलेल्यांना दिसतो का? लहान पाटीएवढा आहे.

आम्ही जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक. पुढे सारा जन्म शाळेत गेला. संगणक आम्हाला कोणी शिकवला नाही. निवृत्त झाल्यावर नातवाने हा टॅब हातात दिला आणि म्हणाला, "आजोबा, आता तुम्ही शिका." तेव्हा आम्ही सांगतो ते काही इंजिनिअरचे बोलणे नव्हे. आमच्या हातून एक चूक झाली, तीतून आम्ही शिकलो. ती चूक आधी सांगतो.

आपल्या वर्गात एक बाई येते. नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे. तिचा नवरा आमच्या हाताखाली शिकलेला. म्हणून आम्ही तिला सूनबाई म्हणतो. तो गेला, आणि दोन मुले हिच्या पदरात राहिली. एका कचेरीकडे तिने मदतीचा अर्ज केला. तालुक्याच्या ऑनलाइनवाल्याने तो भरून दिला आणि अर्जाचा नंबर कागदावर लिहून दिला. तो कागद ती पदराच्या गाठीत बांधून ठेवी.

दर आठ दिवसांनी ती फोन घेऊन आमच्या ओट्यावर येई.

"गुरुजी, बघा की माझ्या अर्जाचं काय झालं."

आम्ही चष्मा लावायचो. तिच्या फोनवर कचेरीचे पान उघडायचो. नंबर टाकायचो. दोन ओळी दिसत. पहिल्या ओळीत अर्जाचा नंबर. दुसऱ्या ओळीत स्थिती, आणि तिच्यापुढे एक शब्द: प्रलंबित.

"प्रलंबित म्हंजी काय, गुरुजी?"

"म्हणजे काम लोंबकळत आहे, सूनबाई. थांबायचं. सरकारी काम आहे."

असे आम्ही तिला दोन महिने थांबवले. ती बिचारी थांबली. मास्तर सांगतात म्हटल्यावर कोण थांबणार नाही?

मग एके दिवशी तिच्या फोनची बॅटरी उतरलेली होती. आम्ही म्हटले, आण नंबर, आपल्या टॅबवर बघू. पान उघडले. त्याच दोन ओळी! अक्षर मोठे झाले, एवढाच फरक. बाकी सगळी काच पांढरी, मोकळी. सुटीला आलेला नातू शेजारी बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, हे मोबाइलचं पान आलंय. एवढा मोठा टॅब आहे, डेस्कटॉप साइट करा ना." आणि त्याने दोन ठिकाणी बोट लावले.

पान क्षणभर कोरे झाले. पुन्हा उमटले तेव्हा तिथे चांगला मोठा तक्ता होता. सात रकाने होते. अर्ज क्रमांक, नाव, गाव, दिनांक, कागदपत्रे, स्थिती, आणि अगदी उजव्या कडेला सातवा रकाना. त्याच्या माथ्यावर लिहिले होते: शेरा. खाली लिहिले होते की पासबुकाची प्रत अस्पष्ट आहे, पुन्हा जोडावी. आणि शेवटची तारीख दिली होती. तारखेला तीन दिवस राहिले होते.

मंडळी, आम्ही आयुष्यभर शेरे लिहिले. हजेरीपटावर लिहिले, प्रगतिपुस्तकावर लिहिले. शेरा उजव्या कडेला शेवटी असतो, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक? आणि दोन महिने समोर शेरा नव्हता, तरी तो कुठे गेला असे आम्ही एकदाही विचारले नाही. सूनबाई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे वाटले असते.

आता असे का होते ते पाहू.

तुमच्या घरात भिंतीवर मोठी दिनदर्शिका असते. आणि दुकानदार दिवाळीला खिशात मावेल असे छोटे कॅलेंडर देतो. दोन्हींत तारखा त्याच. पण छोट्यात दुधाचा हिशोब लिहायला जागा नसते, सणवारही थोडेच असतात. जागाच नाही म्हटल्यावर छापणारा काय करील? काही गोष्टी गाळतो. इंटरनेटवरच्या पुष्कळ पानांचे असेच आहे. एक पान मोठ्या संगणकासाठी, एक फोनसाठी. फोनचे पान करणारा माणूस जागा वाचवायला काही रकाने गाळतो. काही तीन रेघांच्या खुणेमागे दडवतो. कोणता रकाना कोणाच्या पोटाचा आहे, हे त्याला दूर बसून कसे कळावे?

ही दोन पाने पहिल्यापासून नव्हती. इंटरनेटवर अशी पाने दाखवण्याची युक्ती टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज गृहस्थांनी काढली. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा शहराजवळ सर्न नावाची विज्ञानाची मोठी संस्था आहे. तिथे १९८९ साली त्यांनी हा विचार मांडला आणि १९९० साली पाने उघडणारे पहिले साधन तयार केले. अशा साधनाला ब्राउझर म्हणतात. तुमच्या फोनमधले क्रोम हा ब्राउझरच. त्या काळी असली पाने टेबलावरच्या संगणकावर बघायची. डेस्क म्हणजे टेबल. डेस्कटॉप म्हणजे टेबलावरचा. म्हणून मोठ्या पानाला आजही डेस्कटॉप साइट म्हणतात, मग ते तुम्ही बांधावर बसून का उघडेना.

२००७ साली आयफोन निघाला. त्याची काच साडेतीन इंचांची. एवढ्याशा काचेत टेबलावरचे पान घातले की मुंग्यांची रांग दिसायची. म्हणून फोनसाठी वेगळी पाने करणे वाढत गेले. पुढे २०१० साली आयपॅड आला, मग इतर कंपन्यांचे टॅब आले. टॅब हा मधला भाऊ. फोनपेक्षा मोठा, संगणकापेक्षा लहान. त्याला कोणते पान वाढावे, हा घोटाळा तेव्हापासून चालू आहे. त्याच २०१० साली ईथन मारकॉट नावाच्या गृहस्थांनी एक लेख लिहिला. पान एकच करा, आणि काचेची रुंदी पाहून ते आपोआप आखडेल किंवा पसरेल असे करा, हे त्यांचे म्हणणे. आज पुष्कळ पाने अशी असतात. पण आखडताना कधी कधी काही गळते.

आता तुम्ही विचाराल, समोरच्याला कळते कसे की आपल्या हातात फोन आहे? तर ब्राउझर पान मागताना बरोबर एक चिठ्ठी पाठवतो. चिठ्ठीत लिहिलेले असते, मी अमुक ब्राउझर, अमुक यंत्रावरून आलो आहे. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोमच्या चिठ्ठीत मोबाइल हा शब्द असतो. टॅबच्या चिठ्ठीत तो शब्द नसतो, पण अँड्रॉइड हे नाव असू शकते. नाव वाचूनच काही ठिकाणी ठरवून टाकतात, की आला फोनवाला, याला छोटे पान द्या. आपण डेस्कटॉप साइट असे सांगितले की क्रोम चिठ्ठी बदलतो. मी टेबलावरचा संगणक आहे असे लिहून देतो. आमचा नातू म्हणतो, बहुरूपीच तो! यात चोरी नाही हो. ही सोय ब्राउझर करणाऱ्यांनीच ठेवली आहे. बहुतेक आयपॅडवर तर २०१९ सालापासून सफारी नावाचा ब्राउझर न सांगताच मोठे पान मागतो.

आता कृती सांगतो. टॅब आडवा धरा, उभा नको. आडव्यात तक्ता पसरतो. क्रोम उघडा आणि हवे ते पान आणा. वर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक असे तीन ठिपके दिसतील. त्यांवर बोट लावा. एक यादी खाली उतरेल. ती बोटाने वर सरकवा. त्यात डेस्कटॉप साइट हे शब्द शोधा. शब्द लांब आहेत, पण तुम्ही आता जोडाक्षरे वाचता, अडणार नाही. त्यापुढे एक लहान चौकट असते. तिच्यावर बोट लावले की बरोबरची खूण होते आणि पान नव्याने उमटते. अक्षर बारीक वाटले तर दोन बोटे काचेवर ठेवून फाकवा, अक्षर वाढेल. पुन्हा जवळ आणा, कमी होईल. मग पान डावीकडे सरकवा आणि उजव्या कडेपर्यंत जा. कडेपर्यंत जायचेच. आम्ही आता ती कडा बघितल्याशिवाय टॅब खाली ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र जपा. चौकटीवर खूण केली की पान पुन्हा नव्याने येते. म्हणजे अर्धा अर्ज भरून झाला असेल तर भरलेले बहुधा पुसले जाते. आमचे एकदा तसे झाले. नाव, पत्ता, खाते नंबर सगळे टिपून झाले होते, आणि मग आम्हाला मोठ्या पानाची आठवण झाली. सारी मेहनत पाण्यात. तेव्हा आधी पान मोठे करा, मग लिहायला बसा.

फोनवरही हे करता येते. यादी तीच, ठिपके तेच. पण अक्षर मोहरीएवढे होते आणि बोट भलत्याच ठिकाणी लागते. एकदा शेरा बघण्यापुरते ठीक. अर्ज भरायला टॅब बरा.

मोठे पान मागितले की सगळेच साधते असेही नाही. ते पान उंदरासाठी केलेले असते. उंदीर म्हणजे संगणकाचा माउस. माउसचा बाण नुसता वर नेला की काही ठिकाणी यादी उघडते. बोट नुसते काचेवर धरून हवेत फिरवले तर काहीच होत नाही, आम्ही ते करून पाहिले आहे. घरातली माणसे हसली. तिथे एकदा हलके टेकवून पाहावे, नाही उघडली तर नाद सोडावा. काही पाने मोठी केल्यावर उलट विस्कटतात. मग पुन्हा त्याच चौकटीवरची खूण काढा, पान होते तसे होईल. आणि काही माहिती कचेरीने पानावर घातलेलीच नसते. ती मोठ्या पानावर तरी कुठून येणार? तिथे एस.टी. पकडून जावेच लागते.

आणखी एक, घाईने सांगतो, कारण यावर पुढच्या वेळी तासभर बोलणार आहोत. पान लहान असो की मोठे, वरच्या पट्टीतला पत्ता नीट वाचा. पत्ता पाकिटावरचा असो की पानावरचा, एक अक्षर चुकले की भलत्याच्या दारात जाल. आणि फोनवर आलेला ओटीपी कोणी गोड बोलून मागितला तरी सांगू नका. आम्ही मागितला तरी सांगू नका.

सूनबाईचे पुढे काय झाले, ते तुमच्या तोंडावर दिसतेच आहे. त्याच संध्याकाळी पासबुक ओट्यावर उन्हात ठेवले. नातवाने टॅबनेच फोटो काढला. पहिला हलला, दुसरा चांगला आला. मोठ्या पानावर प्रत जोडायचे बटण होते. लहान पानावर ते आम्हाला कधी दिसले नव्हते. बटण आम्ही दाबणार, तेवढ्यात ती म्हणाली, "गुरुजी, मी दाबू का?" तिने दाबले.

नंतर पंधरा दिवसांनी ती आली. आम्ही टॅब तिच्या पुढे ठेवला आणि गप्प बसलो. तिने ठिपके शोधले. चौकट शोधली. पान बोटाने सरकवत सरकवत सातव्या रकान्यापर्यंत गेली. मग एकेक अक्षर लावून वाचले, "का-ग-द-प-त्रे... पू-र्ण." त्र आणि र्ण तिने न विचारता वाचले. पैसे अजून आलेले नाहीत. पुढच्या महिन्यात यायचे आहेत. ती आता दर सोमवारी स्वतः बघते.

बरे, आता कोणाकोणाचा अर्ज कुठे अडकला आहे? ज्यांनी नंबरचा कागद आणला असेल त्यांनी पुढे यावे. टॅब एकच आहे, तेव्हा रांगेने या. मागच्या खिडकीपाशी उभे असलेले पाटीलबुवा, तुम्हीही या. तुमचा कागद तुमच्या टोपीत आहे, आम्ही मघाशी पाहिला.