नवरदेवाच्या वेषातला संत

कुंभकोणम् मागे टाकून तंजावरच्या वाटेला लागले की तीन-चार किलोमीटरांवर दारासुरम् लागते. रेशीम विणणाऱ्यांचे हे गाव. बाराव्या शतकात चोळ राजा दुसरा राजराज याने येथे ऐरावतेश्वराचे मंदिर उभारले. राजाच्या नावावरून या स्थळास राजराजपुरम् म्हणत; तेच नाव लोकांच्या तोंडी झिजत झिजत दारासुरम् झाले. २००४ साली या मंदिराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि तेव्हापासून येथील चाकांचा, घोडे जुंपलेला दगडी रथमंडप देशोदेशीच्या प्रवाशांना परिचित झाला आहे.

पण दारासुरम्‌चे खरे धन पाहावयाचे तर मान वर करून भागत नाही. थोडे वाकावे लागते. मुख्य देवालयाच्या बाहेरच्या अंगाला, पायथ्याजवळच्या थरात, लहान लहान शिलापटांची एक रांग आहे. तमिळ देशातील त्रेसष्ट शिवभक्तांच्या, म्हणजे नायन्मारांच्या, कथा तेथे कोरल्या आहेत. एकेका चौकटीत एकेक प्रसंग आणि अनेक चौकटींच्या लगत तमिळ अक्षरांत प्रसंगाचे नाव. आजची मुले जपानी मांगा नावाच्या चित्रकथा वाचतात, तेव्हा चौकटीमागून चौकट ओलांडताना नायकाला त्याच्या केसांवरून, त्याच्या पोशाखावरून ओळखतात. दारासुरम्‌च्या शिल्पकारापुढेही हाच प्रश्न होता. मूर्ती लहान, माणसे पुष्कळ. कोण कोणता हे सांगायचे कसे?

तमिळ परंपरेने त्याचे उत्तर आधीच सिद्ध करून ठेवले होते. अप्परस्वामी म्हणजे हाती खुरपणी घेतलेला वृद्ध; देवळांच्या अंगणातील गवत काढीत तो गावोगाव फिरला. ज्ञानसंबंधर म्हणजे बोट वर करून आपले मायबाप दाखविणारे बालक. या दोघांच्या जोडीला तिसरा उभा राहतो तो मात्र संतासारखा दिसतच नाही. अंगावर अलंकार, केसांचा नीट बांधलेला अंबाडा, कमरेला उंची वस्त्र, तारुण्याचा डौल. पाहणाऱ्याला वाटावे, हा लग्नमंडपातून उठून आलेला दिसतो. आणि ते अक्षरशः खरे आहे. हा सुंदरर, लेखांतील ‘नंबी’, साधारण आठव्या शतकातील शिवकवी.

तिरुनावलूर गावच्या शिवपूजक ब्राह्मणाच्या घरी त्याचा जन्म झाला आणि तेथल्या राजाने त्याला लाडाने आपल्या घरी वाढविले. पुत्तूर येथे त्याचे लग्न ठरले. वर सजला, मंडप भरला, आणि ऐन वेळी एक म्हातारा ब्राह्मण ताडपत्र फडकावीत आत शिरला. ‘याच्या आजोबाने स्वतःला आणि आपल्या वंशाला माझे दास म्हणून लिहून दिले आहे, हे लग्न मी होऊ देणार नाही!’ सुंदररने त्याला वेडा म्हटले, त्याच्या हातून ताडपत्र हिसकावले आणि फाडून टाकले. वाद तिरुवेण्णैनल्लूरच्या पंचांपुढे गेला. म्हाताऱ्याने मूळ लेख काढून दाखविला, अक्षर जुळले, नवरदेव खटला हरला. पंचांनी म्हाताऱ्याला त्याचे घर विचारले, तेव्हा तो चालत चालत शिवालयात शिरला आणि दिसेनासा झाला. मग आज्ञा झाली की आता आमच्यावर गाणी रच. कोणत्या शब्दाने आरंभ करू, असे विचारता उत्तर आले: मघाशी वेडा म्हणालास ना, त्याच शब्दाने कर.

ताडपत्र दाखविण्याचा हा प्रसंग दारासुरम्‌च्या शिळांवर आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या आतल्या प्रदक्षिणामार्गात तो याहून सुमारे दीडशे वर्षे आधी रंगविला गेला होता. नायककाळच्या चित्रांच्या थराखाली दडलेली ही चोळकालीन चित्रे १९३१ साली उजेडात आली. म्हणजे शेक्किळारने ‘पेरियपुराणम्’ हा संतचरित्रांचा ग्रंथ बाराव्या शतकात रचला त्यापूर्वीच या नवरदेवाची कथा लोकांच्या मनात मुरलेली होती.

पुढे तिरुवारूरला त्यागराजस्वामींच्या दारी सुंदरर पोहोचला, तेव्हा देवाने त्याला आपले सख्य दिले आणि त्याबरोबर एक अपूर्व आज्ञा केली. ज्या वेषात आम्ही तुला बांधून घेतले, तो लग्नाचा वेष तू कधीच उतरू नकोस. तोच लेवून पृथ्वीवर खेळत राहा. विरक्तीसाठी वस्त्रे टाकणारे संत आपल्याकडे पुष्कळ झाले. कौपीन, भस्म, तुळशीची माळ यांची खूण आपणांस पटते. देवाच्या आज्ञेने जन्मभर नवरदेवाचा थाट मिरविणारा संत विरळाच.

पण हा वेष निव्वळ थाट नव्हे. तो एका मोडलेल्या लग्नाची आठवण आहे. पुत्तूरच्या मंडपात जी वधू मागे राहिली, तिने त्या वराचेच ध्यान करीत देह ठेवला, असे शेक्किळार थोडक्यात सांगतो. ती पुन्हा कथेत येत नाही. तरीही सुंदररच्या अंगावरचा प्रत्येक अलंकार तिच्या मंडपातला आहे, हे ज्याला एकदा जाणवले त्याला त्या वेषाकडे केवळ कौतुकाने पाहता येत नाही. दास म्हणून लिहून घेतल्याचा पुरावा तो नवरदेवाच्या रूपाने अंगावर वागवितो.

अशा माणसाचा स्वभावही वेषाला शोभणाराच होता. तमिळ लोक त्याला देवाचा मित्र म्हणतात, तसेच ‘वन्‌तोंडन्’, म्हणजे दांडगा सेवक, असेही म्हणतात. तो देवाकडे धान्य मागतो, सोने मागतो. तिरुवारूरच्या परवैशी त्याने संसार मांडला. पुढे तिरुवोट्रियूरला संगिलीशीही विवाह केला, आणि तुला सोडून जाणार नाही अशी बकुळीच्या झाडाखाली शपथ वाहिली. वसंत आला, तिरुवारूरची ओढ अनावर झाली, शपथ मोडली आणि वेस ओलांडताच दोन्ही डोळे गेले. नवरदेवाचा वेष अंगावर तसाच, आणि हाती आंधळ्याची काठी! या स्थितीतही तो नमला नाही. आपला दास आंधळा झालेला पाहून तुला सुख वाटत असेल तर खुशाल राहा, अशा उपरोधाने त्याने देवाला सुनावले. एक डोळा कांचीला परत मिळाला, दुसरा तिरुवारूरला. मग रुसलेल्या परवैची समजूत घालण्यासाठी त्याने साक्षात शिवाला रात्री दोनदा तिच्या दारी पाठविले.

मराठी मनाला हे नवल वाटू नये. विठोबाशी हट्टाने भांडणारा नामदेव आपल्या घरचा आहे, आणि जनीबरोबर दळण दळणारा देवही आपलाच. तिरुवारूरच्या त्यागेशाचे आकर्षण तंजावरच्या भोसल्यांनाही होते. शहाजीराजांनी त्याच्यावर तेलुगूत ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ रचला. मात्र नामदेवाच्या भांडणात लेकराचा हट्ट आहे, तर सुंदररच्या भांडणात बरोबरीच्या मित्राची मिजास आहे.

या मिजाशीला एकदाच कोणी अडविले. तिरुवारूरच्या देवालयात भक्तमंडळी बसली होती; त्यांना वंदन न करता सुंदरर सरळ देवाकडे निघाला. विरन्मिंड नावाचा एक करडा भक्त उठून म्हणाला, हा आमच्यातला नव्हे. आणि याला जवळ करणारा देवही आमचा नव्हे. देवाच्या मित्राला हा घाव वर्मी लागला. तो थांबला आणि त्याने एकेका भक्ताचे नाव घेऊन आपण त्याचा दास आहोत असे सांगणारे गीत रचले. त्यात कुंभार होता, कोळी होता, परीट होता, राजाही होता. साठ भक्त त्याने गायिले. पुढच्या लोकांनी त्याला स्वतःला आणि त्याच्या आईबापांना त्यात मिळविले आणि त्रेसष्ट पूर्ण झाले.

दारासुरम्‌च्या शिळांवरची सारी मालिका या एका गीतातून निघाली. जो कुणापुढे वाकत नव्हता, त्याने केलेल्या नमस्कारांची ती यादी आहे. ते गीत नसते तर शेक्किळारला ग्रंथ लिहिण्यास आधार मिळाला नसता, आणि शिल्पकाराला चौकटी कोरण्यास नावे मिळाली नसती. अनेक साध्या भक्तांची नावे कदाचित त्यांच्या गावच्या वेशीबाहेरही गेली नसती.

कथेच्या अखेरीस अविनाशी गावी सुंदररला समोरासमोरची दोन घरे दिसतात. एकात मुंजीचे मंगलवाद्य, दुसऱ्यात रडणे. कारण त्याच वयाचा त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी मगरीने गिळला होता. सुंदरर गातो आणि मगर मुलाला वाढलेल्या वयासह परत देते. मंडपात सारे गमावलेला हा नवरदेव दुसऱ्याच्या मंगलकार्याला असा धावून जातो. त्यानंतर चेर देशातील तिरुवंजैक्कळम् येथे त्याला नेण्यास कैलासाहून पांढरा हत्ती येतो, आणि त्याचा मित्र चेरमान पेरुमाळ घोड्यावरून बरोबर निघतो.

दारासुरम्‌ची स्थलकथाही पांढऱ्या हत्तीचीच आहे. दुर्वासाच्या शापाने काळवंडलेला ऐरावत येथील तीर्थात न्हाला आणि त्याला आपला रंग परत मिळाला, म्हणून हा ऐरावतेश्वर. ऐरावताला येथे आपले मूळ रूप लाभले. सुंदररला मात्र रूप बदलावेच लागले नाही. लग्नाच्या दिवशी चढविलेला वेष लेवूनच तो प्रेमात पडला, भांडला, चुकला, आंधळा झाला, भक्तांपुढे वाकला आणि शेवटी कैलासाला गेला.